बहात्तरावी जागा

ज्याचे वजन अधिक त्याला मान अधिक, ही जगाची रीत आहे. ती मोडण्याच्या खटाटोपात आम्हा कामगार कार्यकर्त्यांचे आयुष्य जाते. म्हणून आजचा विषय मला परका वाटत नाही. रसायनशास्त्रातही ४४ वर्षे वजनाचाच अंमल होता. तो कसा उठला आणि त्याच्या जागी काय आले, एवढेच सांगायचे आहे.

१८६९ मध्ये रशियातील मेंडेलीव्ह यांनी तेव्हा ठाऊक असलेली ६३ मूलद्रव्ये अणुभाराच्या चढत्या क्रमाने मांडली. ठरावीक अंतराने तेच गुण पुन्हा उमटतात असे दिसले: सोडियमसारखे पोटॅशियम, क्लोरीनसारखे ब्रोमीन. जेथे योग्य गुणांचे द्रव्य मिळेना तेथे त्यांनी जागा रिकामी ठेवली. त्यांपैकी एका जागेचे गॅलियम १८७५ मध्ये फ्रान्समध्ये सापडले. शोधकाने त्याची घनता ४.७ सांगितली. मेंडेलीव्ह यांनी कळविले की ती ५.९ च्या आसपास असली पाहिजे. धातू शुद्ध करून पुन्हा मोजली, तेव्हा ५.९ च भरली!

तथापि वजनाच्या या रांगेत काही ठिकाणी घोटाळा होता. टेल्यूरियमचा अणुभार १२७.६ आणि आयोडीनचा १२६.९. वजनाने पाहावे तर आयोडीन आधी यावे. पण गुणांनी ते क्लोरीन-ब्रोमीनच्या घरचे. मेंडेलीव्ह यांनी गुणांना मान देऊन आयोडीन मागाहून बसविले आणि वजन मोजण्यात चूक असावी असे धरले. वजनात चूक नव्हती. क्रम लावण्याची कसोटीच निराळी होती.

१८९७ मध्ये टॉमसन यांनी इलेक्ट्रॉन ओळखला. १९११ मध्ये रदरफर्ड यांनी अणूच्या मध्याशी धन विद्युद्भाराचे अणुकेंद्र असल्याचे दाखविले. त्याच साली व्हान डेन ब्रूक या डच गृहस्थांनी कोष्टकातील जागेचा विद्युद्भाराशी संबंध जोडला आणि पुढे १९१३ मध्ये स्पष्ट सांगितले की जागेचा क्रमांक हाच अणुकेंद्रावरील भाराचा आकडा होय. हे गृहस्थ धंद्याने वकील होते. ज्ञानाच्या दारावर पदवीचा पहारेकरी नेहमीच उभा नसतो, हे आमच्यासारख्यांनी लक्षात ठेवावे.

कल्पना प्रयोगाने पडताळली ती मँचेस्टरच्या हेन्री मोझली या पंचविशीतल्या तरुणाने. एकेका मूलद्रव्याकडून निघणारे क्ष-किरण त्यांनी मोजले. त्यांच्या कंपनसंख्येचे वर्गमूळ एका द्रव्यापासून पुढच्या द्रव्यापर्यंत सारख्याच पायरीने चढत होते. वजने वेडीवाकडी वाढत. ही पायरी मात्र चुकत नव्हती. गिरणीच्या हजेरीपटावर माणसाचे वजन नोंदवीत नाहीत, नंबर नोंदवितात; आणि गैरहजर नंबर लपून राहत नाही. मोझली यांच्या पटावर ४३, ६१ आणि ७५ हे नंबर गैरहजर निघाले. पुढे ७५ वे १९२५ मध्ये, ४३ वे १९३७ मध्ये आणि ६१ वे १९४५ मध्ये हजर झाले.

नंबर कळला, तरी स्वभाव का बदलतो? याचे उत्तर इलेक्ट्रॉनांच्या मांडणीत आहे. नील्स बोर यांनी १९१३ पासून हा प्रश्न हाती घेतला. जितका अणुक्रमांक, तितके इलेक्ट्रॉन; ते ऊर्जेच्या पायऱ्यांवर गटागटाने बसतात. सोडियमचे ११ इलेक्ट्रॉन २, ८, १ असे, तर क्लोरीनचे १७ इलेक्ट्रॉन २, ८, ७ असे. शेजाऱ्याशी व्यवहार करतात ते बाहेरचे. सोडियम एक देऊन मोकळे होते, क्लोरीन एक घेऊन तृप्त होते, आणि आपल्या ताटात मीठ येते. ओळीत डावीकडून उजवीकडे जावे तसा केंद्राचा भार वाढतो, पकड घट्ट होते आणि अणू बहुधा आक्रसतो. स्तंभात खाली जावे तसा बाहेरचा इलेक्ट्रॉन दूर जातो आणि सैल होतो. म्हणून पाण्यात टाकलेले पोटॅशियम सोडियमपेक्षा अधिक भडकते.

या विचाराची परीक्षा ७२ व्या जागेवर झाली. फ्रान्सचे उर्बें यांनी १९११ मध्ये दुर्मिळ मृत्तिकांच्या गटात एक नवे मूलद्रव्य सापडल्याचे जाहीर केले होते. १९१४ मध्ये ते स्वतः नमुने घेऊन ऑक्सफर्डला मोझली यांच्याकडे गेले. ७२ ची रेषा दिसली नाही. बोर यांनी पुढे मांडणीवरून सांगितले की दुर्मिळ मृत्तिकांत नवे इलेक्ट्रॉन आतल्या गटात भरत जातात, म्हणून त्यांचे गुण इतके सारखे. पण तो गट ७१ पर्यंत भरून झालेला असतो. तेव्हा ७२ वे द्रव्य त्या गटातले नसून झिर्कोनियमच्या स्तंभातले असले पाहिजे. कोस्टर आणि हेव्हेशी यांनी कोपनहेगनमध्ये झिर्कोनियमची खनिजे तपासली आणि १९२२ च्या अखेरीस ते तेथेच सापडले. कोपनहेगनच्या लॅटिन नावावरून त्याला हाफ्नियम म्हटले. झिर्कोनियम १७८९ पासून ठाऊक होते. इतकी वर्षे हा भाऊ त्याच्याच घरात राहत होता. बाहेरची मांडणी सारखी आणि अणूचा आकारही जवळजवळ तोच, म्हणून रासायनिक परीक्षेत तो वेगळा दिसेना. अणुकेंद्रे मात्र भिन्न. १९६९ मध्ये सुरू झालेल्या तारापूरच्या अणुवीज केंद्रात इंधनासाठी झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्या वापरल्या, कारण ते न्यूट्रॉनांना जाऊ देते. हाफ्नियम ते गिळून टाकते, म्हणून आधी त्याला वेगळे काढावे लागते.

हा निकाल पाहायला मोझली नव्हते. महायुद्ध सुरू होताच ते सैन्यात गेले आणि १० ऑगस्ट १९१५ रोजी, वयाच्या २७ व्या वर्षी, गॅलिपोलीच्या आघाडीवर गोळी लागून मारले गेले. अशा माणसांचा उपयोग केवळ आघाडीवरचे शिपाई म्हणून करणाऱ्या लष्करी व्यवस्थेवर रदरफर्ड यांनी त्याच वर्षी उघड टीका केली.

ती रास्तच होती. पण मला आणखी एक गोष्ट म्हणावयाची आहे. मोझली यांच्या मृत्यूने काय गेले हे आपल्याला कळते, कारण त्यांचे निबंध छापून झाले होते. त्याच मोहिमेत हिंदी पलटणीही लढत होत्या. त्या शिपायांपैकी कोणाच्या हातून काय घडले असते, हे कोणी सांगू शकत नाही. मूलद्रव्यांच्या पटावर गैरहजर नंबर आपोआप दिसतो. माणसांच्या पटावर तो दिसावा यासाठी आपल्यालाच झटावे लागेल.