भजन मंडळासाठी पेटी घेताय? पैसे मोजण्याआधी दुकानातच असं वाजवून पाहा

अमरावती/अकोला : कापूस-सोयाबीनचा पैसा हाती आला की गावोगावी भजन मंडळाची वर्गणी सुरू होते. पैसे जमले की दोघं-चौघं शहरात जातात, चकचकीत पॉलिश पाहतात अन् पेटी उचलून आणतात. मग महिन्याभरात एखादी पट्टी बसते, भाता फुसफुसतो आणि ‘पेटी कोणी आणली होती?’ यावरून मंडळातच तोंडं वाकडी होतात. दुकानात तासभर बसून पेटी नीट वाजवून पाह्यली त हे बहुतेक टळतं.

आपल्या भागात पेटी ही शोभेची वस्तू नाही. यावलीत १९०९ साली जन्मलेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला. त्यांची खंजिरी भजनं आणि सामुदायिक प्रार्थना गावागावात पोचली. आजही कितीतरी गावांत संध्याकाळी प्रार्थनेला पोरंसोरं बसतात. त्यांच्या कानावर पहिला सूर पडतो तो मंडळाच्या पेटीचा. तोच बेसूर असेल त पोरांचा कान तसाच घडतो.

दुकानात जाताना पेटीवाला आणि मुख्य गाणारा असे दोघं तरी न्या. महिला मंडळाची पेटी असेल त गाणारी बाई सोबत पाहिजेच. पुरुषांचा आवाज साधारण काळी एक-दोनला बसतो, बायकांचा पांढरी चार ते काळी पाचच्या दरम्यान. आपल्या पट्टीत गाऊन पाह्यल्याशिवाय ती पेटी आपल्या मंडळाच्या कामाची आहे की नाही, हे कळत नाही.

सुरुवात भात्यापासून करा. सगळ्या खुंट्या बंद करून भाता मारा. हवा भरली की भाता जड व्हायला पाहिजे. किती मारला तरी हलकाच चालत असेल, नाही त आतून ‘सूं’ असा आवाज येत असेल, त हवा कुठून तरी गळते आहे. मग मुख्य खुंटी उघडा, पण पट्टी दाबू नका. काहीच वाजायला नको. आपोआप सूर निघाला त त्या पट्टीखालची झडप नीट बसत नाही, असं समजा. त्यानंतर पूर्ण हवा भरून एकच पट्टी दाबून धरा आणि सूर किती वेळ टिकतो ते मोजा. दोन-तीन पेट्यांवर हेच करून पाहा, फरक लगेच कळतो.

आता सूर. डावीकडून उजवीकडे एकेक पट्टी दाबत जा. काळी-पांढरी एकही सोडू नका. आधी अगदी हळू हवेनं, मग जोरात. खर्जाचे सूर थोडे उशिरा बोलतात, ते चालतं. पण मधल्या सप्तकात सूर अडखळत असेल, खरखरत असेल किंवा भाता जोरात मारल्यावर आवाज उतरत असेल, त ती पेटी बाजूला ठेवा. नंतर सा आणि वरचा सा एकदम दाबा. दोन्ही मिळून एकच आवाज वाटला पाहिजे. ‘वंव-वंव’ अशी लाट आली त सूर जुळलेले नाहीत. दुहेरी सुराच्या पेटीत खर्ज आणि नर आधी वेगवेगळे ऐका, मग दोन्ही उघडून ऐका. एकेकटे चांगले वाटणारे सूर एकत्र आल्यावर भांडतात, हे लय पेट्यांत सापडतं.

मोबाइलवर सूर मोजायचं फुकट ॲप मिळतं. सहावी पांढरी दाबली की मधल्या सप्तकात ४४० च्या आसपास आकडा दिसायला पाहिजे, खर्जात त्याच्या निम्मे, म्हणजे २२०. दुकानात गोंगाट असेल त ॲप गोंधळतं, म्हणून शांत वेळी जा. पण आकड्यापेक्षा दोन सूर एकमेकांशी जुळणं महत्त्वाचं, आणि ते कानानंच कळतं.

पट्ट्या सगळ्या सारख्या खाली जाऊन लगेच वर आल्या पाहिजेत, शेजारच्या पट्टीला घासायला नको. कपलर असेल त तो लावून प्रत्येक पट्टी दाबा. सोबत दुसऱ्या सप्तकातली जोडीची पट्टी पूर्ण खाली जाते का ते पाहा. स्केल चेंजरची पेटी दुकानदार आग्रहानं दाखवतो. तिच्यात आतले भाग जास्त, वजन जास्त, बिघाडाची शक्यताही जास्त. आणि दुरुस्तीवाला शहरात! गाणारे ठरलेले असतील आणि पेटीवाल्याला दोन-तीन पट्ट्यांत वाजवता येत असेल, त साधी, दुहेरी सुराची, मजबूत पेटी बरी, असं आमचं मत आहे.

पेटी मूळची फ्रान्सची. पॅरिसमध्ये १८४२ साली तिचं पेटंट निघालं. हातानं भाता मारायची, मांडी घालून वाजवायची पेटी मात्र कोलकात्याच्या द्वारकानाथ घोषांनी १८७५ च्या सुमारास आणली. आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत तिला बंदी घातली होती, तरी मंदिरातली पेटी काही थांबली नाही!

जुनी पेटी स्वस्तात मिळत असेल त घ्यायला हरकत नाही, कारण पितळी सूर साफ करता येतात, मोडला त बदलता येतो. पण झाकण उघडून आत पाह्यल्याशिवाय घेऊ नका. भात्याच्या घड्या आणि चामडं उंदरानं कुरतडलेलं आहे का, लाकडाला भेगा किंवा कीड आहे का, हे टॉर्च लावून पाहा. ऑनलाइन फोटोत सगळ्याच पेट्या सारख्या दिसतात. मागवायचीच असेल त वाजवून पाहून परत करता येते का, हे आधी विचारा.

पक्कं बिल मंडळाच्या नावानं घ्या. दुरुस्ती किती दिवस फुकट, ते त्यावर लिहून घ्या. घरी आणल्यावर त्याच दिवशी पुन्हा सगळ्या पट्ट्या वाजवा. गाडीच्या धक्क्यानं एखादा सूर हलू शकतो. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा टिनाच्या मंदिरात पेटी ठेवू नका, लाकूड तडकतं. पावसाळ्यात पट्ट्या फुगून अडकतात. तेव्हा जोर लावू नका, कोरड्या खोलीत दोन दिवस ठेवून पाहा. आणि झाकण लावल्याशिवाय पेटी रात्री उघडी सोडू नका, उंदरं वाटच पाहत असतात.