चाळीस मुलांची टोली

भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांच्या नकाशावर गावांची नावे वाचत गेलो की ‘टोला’ किंवा ‘टोली’ हा शब्द पुन्हा पुन्हा भेटतो. मूळ गावापासून तुटून, शेताजवळ वसलेली ही छोटी वस्ती. तुमसर तालुक्यातील सिहोऱ्यासारख्या मोठ्या गावात शाळा असते, बाजार असतो, अंगणवाडीही असते. टोलीवरच्या तीन वर्षांच्या मुलासाठी मात्र ती धानाच्या बांध्या आणि मध्ये एखादा नाला ओलांडून पलीकडे असते. त्या टोलीला स्वतःची अंगणवाडी मिळेल का? सरकारी भाषेत, ती वस्ती ‘पात्र’ आहे का? या एका शब्दाचा इतिहास आपण पाहणार आहोत. त्यात थोडे गणितही आहे आणि ते सातवी-आठवीच्या वर्गाला सहज जमेल.

अंगणवाडी ही कल्पना सरकारी कचेरीत जन्मली नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यात (आजचा पालघर) बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी. बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतली आणि आदिवासी पाड्यांवरची मुले तिथे येईनात. तेव्हा या दोघींनी बालवाडीच त्या मुलांच्या अंगणात नेली. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले, तेव्हा गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली गेली. इथे पात्रतेचा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. मूल येऊ शकत नाही ना, मग आपण जाऊ, एवढाच हिशेब.

राज्ययंत्रणेला असा हिशेब परवडत नाही. तिला पैसे वाटायचे असतात आणि वाटणीला नियम लागतो. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली ती देशभरातल्या ३३ प्रकल्पांत : १८ ग्रामीण, ११ आदिवासी, ४ शहरी. महाराष्ट्रात मेळघाटातील धारणीचा त्यात समावेश होता. म्हणजे पात्रतेचे पहिले एकक गाव नव्हते, मूलही नव्हते. संपूर्ण विकासगट होता. गट निवडला गेला तर आतल्या गावांचा विचार, नाही तर नाही. गटाच्या आत दुसरी चाळणी लोकसंख्येची. साधारण १००० लोकवस्तीला एक अंगणवाडी, आदिवासी भागात ७०० ला एक. ग्रामीण प्रकल्प एक लाख लोकसंख्येचा, म्हणून १०० अंगणवाड्या. आदिवासी प्रकल्प ३५,००० चा, म्हणून ५०. गणित अगदी सुबक आहे. फक्त माणसे हजार-हजारांच्या गठ्ठ्यांनी राहत नाहीत. गठ्ठा भरण्यासाठी दोन-तीन वस्त्या एकत्र मोजल्या की केंद्र बहुधा मोठ्या वस्तीत बसते आणि लहान टोली कागदावर ‘व्याप्त’ होते.

कायद्याचा आधार शोधावा तर तिथली गोष्ट आणखी विचित्र आहे. मूळ राज्यघटनेच्या ४५ व्या कलमात चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचे शिक्षण, दहा वर्षांच्या आत, असे मार्गदर्शक तत्त्व होते. ‘सर्व मुलांना’ या शब्दांत तीन वर्षांचे मूलही बसत होते. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, पण सहा ते चौदा वयोगटासाठी. सहा वर्षांखालील मुले मार्गदर्शक तत्त्वातच राहिली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे ११ वे कलम त्यांच्या पूर्वशिक्षणाची व्यवस्था शासन करू ‘शकेल’ असे म्हणते. ‘करील’ आणि ‘करू शकेल’ यांतला फरक भाषेच्या शिक्षकांना वेगळा सांगायला नको.

या कोंडीतून वाट निघाली ती भुकेच्या प्रश्नामुळे. अन्नाच्या अधिकारासाठी २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या याचिकेत त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला आदेश झाला की प्रत्येक वस्तीत अंगणवाडी हवी. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशाने त्याला दात आले. २००८ अखेरपर्यंत देशात १४ लाख अंगणवाड्या, अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना प्राधान्य आणि ‘मागणीनुसार अंगणवाडी’. ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिने मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत केंद्र मिळाले पाहिजे. आमच्या मते या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत मोठा बदल. पूर्वी वरून कोणी तरी निवडायचे. आता टोलीने मोजायचे आणि मागायचे. याच सुमारास लोकसंख्येचे निकषही सैल झाले. ४०० ते ८०० वस्तीला एक अंगणवाडी, आदिवासी व दुर्गम भागात ३०० पासूनच, आणि त्याखाली १५० पर्यंतच्या वस्तीला मिनी अंगणवाडी.

आता ते गणित. ४०० माणसांच्या टोलीत सहा वर्षांखालील मुले किती? जनगणनेत ‘० ते ६’ हा गट दिलेला असतो. सावध राहा : यात सहा पूर्ण केलेली, पण सात न झालेली मुलेही आहेत. म्हणजे सात वर्षांच्या पिढ्या. आपल्याला हव्यात सहा. म्हणून आकडा ६/७ ने गुणायचा. हे ढोबळ आहे, पण पुरेसे. महाराष्ट्रात २००१ मध्ये हा गट लोकसंख्येच्या सुमारे १४.१ टक्के होता. सहा वर्षांखालील मुले झाली सुमारे १२.१ टक्के. ४०० माणसांत ४८ मुले. २०११ मध्ये गट ११.९ टक्क्यांवर आला; ६/७ केले की १०.२ टक्के. त्याच ४०० माणसांत ४१ मुले.

टोली तीच, घरे तेवढीच, पण दहा वर्षांत ती ४० च्या काठावर येऊन उभी राहिली. आणि जन्मदर तिथे थांबलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा एकूण जननदर २०१५-१६ मध्ये १.९ होता, २०१९-२१ मध्ये १.७. समजा मुलांचे प्रमाण ८ टक्के झाले, तर ४० मुलांसाठी ५०० माणसे लागतील. म्हणजे कुटुंबे लहान ठेवा हा सरकारचाच सल्ला ज्या वस्तीने ऐकला, ती त्या सल्ल्यामुळे निकषाबाहेर जाते! (आकडा ठरवताना बहुधा कोणाच्या मनात हे नसणार.)

दुसरी अडचण आकड्याच्या जातीचीच आहे. ४० ही संख्या वस्ती किती भरलेली आहे ते सांगते. मुलाला किती चालायचे आहे ते सांगत नाही. पहिलीच्या मुलासाठी शिक्षण हक्काच्या नियमांत एक किलोमीटरचे अंतर धरले आहे. तीन वर्षांच्या मुलाला तेच अंतर एकट्याने झेपत नाही, कोणी तरी सोबत लागते. पूर्व विदर्भात सोबत कधी नसते? रोवणीच्या दिवसांत. आई सकाळपासून चिखलात वाकलेली, आणि नेमका तेव्हाच नाला भरलेला. मुलाला गरम जेवणाची आणि सांभाळणाऱ्या माणसाची सर्वाधिक गरज त्याच आठवड्यांत असते. वार्षिक लोकसंख्येच्या निकषात आषाढ-श्रावण दिसत नाही.

२०१८ च्या समग्र शिक्षा योजनेत पूर्वप्राथमिक वर्ग आले, आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा सलग पायाभूत टप्पा मानला. अंगणवाडी प्राथमिक शाळेच्या आवारात आणण्याकडे आता कल आहे. शिकवण्याच्या दृष्टीने ते चांगलेच. पहिलीच्या बाईंना मूल आधीपासून ओळखीचे होते. पण शाळा सहसा मूळ गावात असते. आवारात नेलेली अंगणवाडी टोलीपासून तेवढी लांब जाते, आणि ताराबाईंनी ज्या दिशेने पाऊल टाकले होते त्याच्या नेमकी उलट दिशा पकडते.

ज्या शाळेत टोलीवरची मुले येतात, तिथे हे मोजता येईल. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी आपापल्या टोलीचा नकाशा काढावा, घरागणिक सहा वर्षांखालील मुले मोजावीत, जन्माचा महिना-वर्षही लिहावा. कारण मोजणीच्या दिवशी कोण सहा पूर्ण झाले यावर ३९ की ४० हे ठरू शकते. अंतर मीटरमध्ये मोजावे, पण एका लहानग्याचे बोट धरून त्याच्या चालीने किती मिनिटे लागतात तेही लिहावे, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यात. नाल्यावर पूल आहे की नाही, पाणी किती दिवस असते, याचा स्वतंत्र रकाना ठेवावा. हा तक्ता ग्रामसभेच्या ठरावाला जोडता येतो. तीन महिन्यांची मोजदाद मागणीच्या तारखेपासून सुरू होते, म्हणून अर्जाची पोच घ्यायला विसरू नये.