घोंगडी

घोंगडी (अन्य नावे: घोंगडे, कांबळे) हे मेंढीच्या लोकरीचे हातमागावर विणलेले जाडेभरडे वस्त्र आहे. महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातील माण व खटाव, सांगली जिल्ह्यातील आटपाडी व जत, सोलापूर जिल्ह्यातील सांगोला आणि खटावलगतच्या कोरेगावसारख्या तालुक्यांत घोंगडीचा वापर पूर्वापार आहे. या अवर्षणप्रवण पट्ट्यात मेंढपाळी हा धनगर समाजाचा प्रमुख व्यवसाय असून सनगर व खुटेकर धनगर हे परंपरेने विणकर मानले जातात.

लोकर

घोंगडीसाठी दख्खनी मेंढीची लोकर वापरतात. ती आखूड धाग्याची, भरड व बहुधा काळी असते. मेंढ्यांची लोकर वर्षातून साधारणतः दोनदा कातरतात. कोकराच्या पहिल्या कातरणीच्या मऊ लोकरीस ‘जावळ’ म्हणतात. जावळाची घोंगडी अंगाला टोचत नाही, म्हणून तिला अधिक मोल येते. पारंपरिक घोंगडीस रंग देत नाहीत. काळ्या-पांढऱ्या लोकरीच्या मूळ रंगांतूनच तिचे पट्टे व काठ साधले जातात.

कताई

कातरलेली लोकर निवडून, काडीकचरा काढून पिंजतात आणि टकळीवर किंवा चरख्यावर तिचे सूत काततात. हे काम मुख्यतः स्त्रिया घरकाम सांभाळून करतात. घोंगडी ‘विणकराची’ म्हणून ओळखली जात असली, तरी तिच्यासाठी लागणाऱ्या श्रमाचा फार मोठा भाग या कताईत खर्च होतो. सूत घरातच तयार होत असल्याने कताईची मजुरी बहुधा वेगळी धरली जात नसे. त्यामुळे हे श्रम वस्तूच्या किमतीत दिसत नाहीत.

विणकाम

उभ्या धाग्यांचा ताणा मोकळ्या जागेत पसरून त्यास चिंचोक्याची खळ कुंच्याने लावतात व उन्हात वाळवतात. आखूड लोकरीचे सूत मागावरील घर्षणाने पिंजून तुटते. खळीमुळे ते बळकट व गुळगुळीत होते. उन्हाची गरज असल्याने पावसाळ्यात हे काम अडते. त्यानंतर खड्ड्याच्या मागावर बाण्याचे धागे भरून घोंगडी विणतात. नवी घोंगडी खळीमुळे ताठ असते. वापराने ती मऊ होते.

उपयोग व लोकजीवन

लोकरीच्या धाग्यांत हवा कोंडून राहत असल्याने घोंगडी ओलसर असतानाही काही प्रमाणात ऊब देते. म्हणूनच मेंढपाळ पावसात तिची खोळ करून डोक्यावर घेतात. अंथरूण, पांघरूण, पाहुण्यांची बैठक असे तिचे इतर उपयोग आहेत. धनगरी गजनृत्यात व बिरोबाच्या उपासनेतही तिला स्थान आहे. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना करणारे कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या वेशाची ओळख म्हणजे घोंगडी होय. भिजलेली घोंगडी जड होते व लवकर वाळत नाही; त्यावरून रेंगाळलेल्या प्रश्नास ‘भिजत घोंगडे’ म्हणण्याची रीत मराठीत रूढ झाली.

ऱ्हासाची कारणे

गिरणीतील व कृत्रिम धाग्यांच्या स्वस्त ब्लँकेटांमुळे घोंगडीची मागणी घटली. मेंढपाळाचे उत्पन्न प्रामुख्याने मांसासाठीच्या विक्रीवर अवलंबून राहू लागले. जत तालुक्यातील माडग्याळ या मोठ्या चणीच्या मेंढीस चांगला भाव मिळतो, परंतु तिच्या अंगावर लोकर अल्प असते. भरड लोकरीस पुरेसा दर नसल्याने कातरणीचा खर्चही अनेकदा भरून निघत नाही. चराऊ कुरणेही आक्रसत गेली.

सद्यःस्थिती

आज काही विणकर घोंगडीबरोबर आसने, पिशव्या व गालिचे तयार करतात. मात्र माग टिकवणे एवढ्याने हा व्यवसाय टिकत नाही. हातकताईचे सूत मिळाले नाही, तर कुशल विणकराचा मागही रिकामा राहतो. त्यामुळे लोकरीस रास्त दर आणि कातणाऱ्या स्त्रियांस स्वतंत्र मजुरी या दोन गोष्टी या कलेच्या भवितव्याच्या दृष्टीने निर्णायक ठरतात.