ज्येचे आयुष्य: धनुष्याची दोरी बदलण्याचा इतिहास

धनुष्याचा इतिहास लिहिताना अभ्यासकांच्या हाती लागतो तो प्रामुख्याने त्याचा दांडा आणि बाणांची टोके. दोरी मात्र मातीत, पाण्यात किंवा किड्यांच्या तोंडी नाहीशी झालेली असते. १९ जुलै १५४५ रोजी इंग्लंडच्या पोर्ट्समथ बंदराजवळ बुडालेले ‘मेरी रोझ’ हे युद्धजहाज १९८२ मध्ये वर काढण्यात आले, तेव्हा त्यावरील यू वृक्षाच्या लाकडाची १३७ अखंड धनुष्ये आणि साडेतीन हजारांहून अधिक बाण संशोधकांना मिळाले, परंतु त्या धनुष्यांच्या दोऱ्या काही हाती लागल्या नाहीत. या अभावातच दोरीच्या इतिहासाचे मर्म आहे. धनुष्याच्या सर्व अवयवांत दोरी हा प्रारंभापासूनच टाकून देण्यासाठी घडवलेला अवयव असून, ती कधी टाकावी हे ओळखणे ही धनुर्विद्येतील बाण सोडण्याइतकीच जुनी विद्या आहे. या विद्येचे स्वरूप दोरीच्या द्रव्याबरोबर बदलत गेले आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कंपाउंड धनुष्य आल्यावर तर मूळ प्रश्नच बदलला.

संस्कृतात दोरीला ज्या, गुण, शिंजिनी आणि मौर्वी अशी नावे आहेत. यांपैकी ‘मौर्वी’ हे नाव मूर्वा नावाच्या तंतुमय वनस्पतीवरून आले आहे. ही वनस्पती नेमकी कोणती याविषयी वैद्यकशास्त्राच्या अभ्यासकांत एकमत नाही, मात्र तिच्या वाखाची दोरी उत्तम मानली जात असे, हे निश्चित. मनुस्मृतीत उपनयनाच्या वेळी ब्राह्मण बटूला मुंज गवताची, तर क्षत्रिय बटूला मूर्वेच्या ज्येची मेखला सांगितली आहे. मराठीत या संस्कारालाच ‘मुंज’ म्हणतात, पण त्या शब्दामागे असलेली धनुष्याच्या दोरीची ही दुसरी मेखला आज विस्मरणात गेली आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात, शस्त्रागाराच्या अध्यक्षाची कर्तव्ये सांगताना, ज्येसाठी मूर्वा, रुई, ताग, गवेधू नावाचे तृण, वेळू आणि स्नायू म्हणजे जनावराच्या कंडरा, अशी सहा द्रव्ये नोंदवली आहेत. त्याच प्रकरणात शस्त्रांच्या जागा बदलाव्यात, त्यांना ऊन दाखवावे आणि उष्णता, ओल व कीड यांनी बाधित होणाऱ्या वस्तू जपून ठेवाव्यात असेही सांगितले आहे, आणि या तिन्ही शत्रूंचा पहिला बळी स्वाभाविकपणे दोरी हाच असे.

किडीने खाल्लेल्या दोरीचा धोका प्राचीनांना किती ठाऊक होता, हे शतपथ ब्राह्मणातील एका कथेवरून दिसते. या कथेत विष्णू चढवलेल्या धनुष्याच्या टोकावर मस्तक टेकून उभा असता वाळवीसारखे कीटक त्याची ज्या कुरतडतात, ज्या तुटताच धनुष्याची दोन्ही टोके उसळतात आणि विष्णूचे मस्तक धडावेगळे होते. कथेचे याज्ञिक प्रयोजन निराळे असले, तरी तिच्यातील यांत्रिक निरीक्षण अचूक आहे. ताणलेल्या दांड्यात साठलेली शक्ती एरवी बाणासोबत निघून जाते; दोरी अकस्मात तुटली तर ती दांड्यावर किंवा धनुर्धरावर उलटते. हिरोडोटसने सांगितलेल्या इजिप्तच्या कथेतही असीरियाच्या सैन्याचे भाते आणि धनुष्ये उंदीर रात्रीतून कुरतडून टाकतात आणि सैन्य निःशस्त्र होते. दोन दूरच्या संस्कृतींनी पराभवाचे कारण म्हणून कुरतडणारा क्षुद्र जीव निवडावा, हे लक्षणीय आहे.

प्रत्यक्ष अवशेषांतील एक अतिशय जुना पुरावा आल्प्स पर्वतात १९९१ मध्ये सापडलेल्या ‘ओत्झी’ या हिममानवाजवळचा आहे. सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या या मनुष्याचे यू लाकडाचे धनुष्य अपुरेच राहिले होते, परंतु त्याच्या भात्यात पीळ दिलेली दोरी गुंडाळून ठेवलेली होती आणि पुढील तपासणीत ती जनावराच्या कंडरांची असल्याचे सिद्ध झाले. कंडरा बळकट असतात, पण ओल लागली की त्या सैल पडतात, त्यामुळे दमट प्रदेशांत वनस्पतिजन्य वाखालाच पसंती मिळाली. सातपुड्यातील भिल्लांच्या तिरकमठ्याला बांबूच्याच चिवट कामट्याची दोरी लावण्याची जुनी रीत आहे आणि कौटिल्याच्या यादीतील ‘वेळू’ हे द्रव्य तिच्याशी नेमके जुळते. ज्या रानात धनुष्य घडले त्याच रानात दोरी मिळत असल्याने ती झिजली की बदलण्यास खर्च पडत नसे. याउलट तुर्की धनुर्धरांच्या रेशमी दोऱ्यांना दोन्ही टोकांशी कंडरांचे किंवा तातीचे वेगळे फास गाठ मारून जोडलेले असत, कारण धनुष्याच्या खाचेत घासून आधी झिजतो तो फास. तेवढाच बदलला की मधली महाग रेशमी लड पुन्हा कामास येई.

इंग्लंडमध्ये धनुष्य करणारे, बाण करणारे आणि दोरी वळणारे असे तीन निरनिराळे व्यवसाय होते. इंग्रजी आडनावांतील बोयर, फ्लेचर आणि स्ट्रिंगर ही नावे त्यांचीच स्मृती आहेत. २६ ऑगस्ट १३४६ रोजी क्रेसीच्या लढाईपूर्वी पाऊस पडला, तेव्हा इंग्रज तिरंदाजांनी दोऱ्या उतरवून शिरस्त्राणांखाली डोक्यावर ठेवल्या, तर फ्रेंचांच्या बाजूने लढणाऱ्या जिनोव्हाच्या सैनिकांच्या आडव्या यांत्रिक धनुष्यांच्या दोऱ्या भिजून निकामी झाल्या, असे ज्याँ द व्हनेत याच्या बखरीत नमूद आहे. ‘मेरी रोझ’ बुडाले त्याच वर्षी, १५४५ मध्ये, रॉजर अ‍ॅस्कम याचा ‘टॉक्सोफिलस’ हा धनुर्विद्येवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. दोरी ही दिसायला लहान पण परिणामाने मोठी वस्तू आहे, बारीक दोरी बाण वेगाने फेकते आणि जाड दोरी नेम स्थिर ठेवते, आणि निकृष्ट दोरी तुटली की चांगले धनुष्य मोडते, असा त्याचा सांगावा होता. तागाच्या आणि जवसाच्या वाखाच्या दोऱ्या तुटण्यापूर्वी बहुधा इशारा देत: पदर विसविशीत होत, मेण उडून जाई, पीळ सैल पडे. धनुर्धराचे काम एवढेच होते, की डोळे उघडे ठेवून तुटण्याच्या आत दोरी बदलायची.

हा नियम विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत, म्हणजे आयर्लंडच्या जवसाच्या धाग्याच्या दोऱ्या प्रचारात होत्या तोवर, टिकला. दुसऱ्या महायुद्धानंतर डेक्रॉन या पॉलिएस्टर धाग्याची दोरी आली. ती ओलीला दाद देत नसे आणि दीर्घकाळ टिके, पण रबरासारखी थोडी ताणली जात असल्याने बाणाची गती घटे. डुपाँ कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ मध्ये शोधलेल्या केव्हलार या तंतूने हा दोष दूर केला, कारण केव्हलार जवळजवळ ताणलाच जात नाही. परंतु वारंवार वाकवल्यास तो आतून भंगतो, त्यामुळे वरून धडधाकट दिसणारी केव्हलारची दोरी काही पूर्वसूचना न देता तुटे, आणि डोळ्यांनी पाहून निर्णय घेण्याची शेकडो वर्षांची रीत येथे निरुपयोगी ठरली. केव्हलार वापरणाऱ्यांना सोडलेल्या बाणांची संख्या मोजूनच दोरी टाकून द्यावी लागे. १९८० च्या दशकात डायनीमा आणि स्पेक्ट्रा या नावांनी ओळखले जाणारे, पॉलिएथिलीनच्या अतिशय लांब रेणूंचे तंतू आले. ते हलके, बळकट आणि पाण्याला न जुमानणारे होते. मात्र सततच्या ताणाखाली ते हळूहळू व कायमचे लांबतात. या कायमच्या लांबण्याला तंत्रविद्येत ‘क्रीप’ म्हणतात आणि ताण काढताच पूर्ववत होणाऱ्या तात्पुरत्या लांबण्याहून ते वेगळे असते. पुढे व्हेक्ट्रान या क्रीप न होणाऱ्या तंतूचे मिश्रण करून हा दोष बराच कमी करण्यात आला.

याच काळात धनुष्याची रचनाही पालटली. अमेरिकेतील मिसुरी राज्याचे हॉलेस विल्बर अ‍ॅलन यांनी १९६६ मध्ये एकस्व मागितलेले आणि १९६९ मध्ये त्यांना मिळालेले कंपाउंड धनुष्य हे दांड्याच्या टोकांशी चाके बसवलेले धनुष्य होते. या चाकांचा आस मध्यापासून बाजूला सरकवलेला असतो. पुढे त्यांना अंडाकृती व अन्य आकार मिळाले आणि ‘कॅम’ हे नाव रूढ झाले. दोरी ओढताना कॅम फिरतात आणि पूर्ण ओढ झाल्यावर हातावरचा भार मोठ्या प्रमाणात उतरतो, तेव्हा दांड्यांचा ताण मुख्यतः केबल पेलतात. बाण ज्या दोरीवर लावतात ती वेगळी आणि कॅमना परस्परांशी व दांड्यांशी जोडणाऱ्या केबल वेगळ्या, असा भेद धनुष्याच्या इतिहासात येथे प्रथमच महत्त्वाचा ठरला. सुरुवातीच्या कंपाउंड धनुष्यांत केबल पोलादी तारांच्या होत्या आणि त्यांच्या टोकांशी लहान दोरी अडकवलेली असे. ती दोरी सहज बदलता येई, तर तारा चाकावर वाकून वाकून एकेक करून तुटत. नंतर पोलादी तारांची जागा कृत्रिम तंतूंनी घेतली आणि दोरी व केबल एकाच द्रव्याच्या झाल्या.

यातून एक मूलभूत फरक पडला. ज्या चढवलेल्या धनुष्याला संस्कृतात ‘अधिज्य’ म्हणतात, आणि जुना धनुर्धर काम संपताच ज्या उतरवून धनुष्याला व दोरीला विश्रांती देई. कंपाउंड धनुष्य मात्र सदैव अधिज्य असते. ‘बो प्रेस’ या दाब देणाऱ्या चौकटीत धरल्याखेरीज त्याची दोरी उतरत नाही, त्यामुळे पेटीत पडून राहिलेल्या धनुष्याच्या केबलवरही रात्रंदिवस ताण असतो. उन्हात बंद मोटारीत ठेवल्यास क्रीप वेगाने वाढते, कारण या तंतूंचा वितळबिंदूच सुमारे १५० अंश सेल्सिअस, म्हणजे तंतूंच्या मानाने कमी आहे. ‘सुंभ जळला तरी पीळ जात नाही’ ही म्हण काथ्याच्या दोरीला लागू असेल. येथे सुंभ शाबूत राहतो आणि माप आधी जाते.

केबल काही मिलिमीटर लांबल्या, की दांड्यांना ढील मिळते, दोन्ही आसांमधले अंतर वाढते आणि दोरी ओढण्यास लागणारा जोर घटतो. दोन केबल कमीअधिक लांबल्या तर दोन्ही कॅम एकाच क्षणी फिरत नाहीत आणि सुटलेल्या बाणाचे बूड वर किंवा खाली ढकलले जाते. दोरीतच बसवलेल्या ‘पीप’ या छिद्रयुक्त चकतीतून नेम धरतात. पीळ बदलला की ती डोळ्यासमोर तिरपी येते. म्हणून जाणकार कारागीर कॅमवर आखलेल्या खुणा आणि आसांमधले अंतर वेळोवेळी तपासतात. याखेरीज बोटाने जाणवणारी जुनी लक्षणे आहेतच: मेण लावूनही न बसणारे केसाळ तंतू, कॅमच्या खाचेशी तुटलेला पदर, आणि दोरीवर संरक्षणासाठी घट्ट गुंडाळलेल्या ‘सर्व्हिंग’ या दोऱ्याचे वेटोळे सरकून आतून उघडी पडलेली मूळ दोरी. एक पदर जरी तुटला, तरी दोरी तत्काळ बदलावी आणि कॅमच्या खाचेत धारदार ओरखडा तर नाही ना हे पाहावे, कारण तो ओरखडा तसाच राहिला तर नवी दोरीही तिथेच कापली जाते. कोणतेही लक्षण नसले तरी नियमित वापरात दोन ते तीन वर्षे ही मर्यादा सामान्यतः सांगितली जाते. स्पर्धक त्याहून लवकर बदल करतात. दोरी आणि केबल एकत्र बदलण्याचा आग्रह असतो, कारण नवी दोरी व जुन्या केबल निरनिराळ्या गतीने लांबतात आणि जुळवलेला मेळ पुन्हा बिघडतो.

या काटेकोरपणाचे कारण क्रीडाप्रकाराच्या मोजमापात आहे. कंपाउंड धनुष्याला जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत १९९५ मध्ये स्थान मिळाले आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये त्याचा मिश्र सांघिक प्रकार प्रथमच होणार आहे. ५० मीटर अंतरावरील लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ ८ सेंटिमीटर व्यासाचे असते. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामी यांनी महिलांचे आणि साताऱ्यातच सराव करणारे नागपूरचे ओजस देवतळे यांनी पुरुषांचे वैयक्तिक सुवर्णपदक जिंकले. देवतळे यांनी अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण मिळवले, म्हणजे पंधराही बाण त्या वर्तुळात बसले. अशा सामन्यात दोरी तुटणे ही दुर्मीळ आपत्ती असते, परंतु नकळत लांबलेली केबल हा नित्याचा धोका असतो. पूर्वीचा धनुर्धर दोरी तुटण्याच्या आत बदलत असे. आजचा धनुर्धर ती चुकीचे सांगू लागण्याच्या आत बदलतो. नवा संच चढवल्यावर तो ताणून स्थिर होण्यासाठी पन्नास ते शंभर बाण सोडून पुन्हा मापे जुळवावी लागतात, आणि म्हणूनच मोठ्या स्पर्धेसाठीचा बदल आदल्या दिवशी न करता काही आठवडे आधी केला जातो.