हौदा केवढा?

यंदा दिवाळीच्या साफसफाईत आईचे जुने शिसवी कपाट थोरल्या बहिणीकडे पोचवायचे ठरले. नाक्यावरचा टेम्पो बोलावला. सुटीवर अमेरिकेहून आलेला भाचा ते इवलेसे वाहन पाहून हसू लागला.

“मामा, ह्यात कपाट मावणार? माझा पिकअप ट्रक इथे हवा होता!”

मी मुकाट्याने मोजपट्टी त्याच्या हाती दिली. हौदा सात फूट भरला. “आणि तुझ्या ट्रकचा रे?” जरा ओशाळून तो म्हणाला, “साडेपाच.”

ट्रक एवढा थोरला आणि हौदा आखूड, हे झाले कसे? वाचकहो, त्याची हकिकत मौजेची आहे.

अमेरिकेतले शेतकरी फोर्डच्या ‘मॉडेल टी’ मोटारीमागे स्वतःच पेटी ठोकून घेत आणि तीतून बाजारात माल नेत. ती गरज ओळखून १९२५ साली फोर्डने कारखान्यातच हौदा बसवलेली गाडी २८१ डॉलरांना विकायला काढली. इंजिन अवघे २० अश्वशक्तीचे, हौदा ५६ इंचांचा. पिकअप जन्मला तो असा लहान आणि कष्टकऱ्याच्या घरी.

पुढे तो फुगला, त्याला एक कोंबडी कारण झाली! युरोपच्या सामायिक बाजारपेठेने अमेरिकन कोंबड्यांवर जबर जकात बसवली. उट्टे काढण्यासाठी अध्यक्ष जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३ मध्ये परदेशी हलक्या ट्रकांवर २५ टक्के जकात लादली. कोंबडीचे भांडण लोक विसरले, जकात मात्र राहिली. परदेशी लहान ट्रकांची वाट अडली. त्यात १९७५ च्या कायद्यानंतर आलेले इंधनबचतीचे नियम मोटारींना कडक आणि ट्रकांना सैल होते. मग कारखानदारांनी ट्रकालाच घरची मोटार करून टाकले. चार दारे आली, पाच माणसांची ऐसपैस बैठक आली. बैठक वाढली तसा हौदा आखडला.

जपानात उलटे घडले. तेथे १९४९ पासून लहान गाड्यांचा वर्ग कायद्यानेच वेगळा काढला आहे. आज त्या वर्गातला ट्रक ३.४ मीटरहून लांब असू शकत नाही, इंजिन ६६० सीसीहून मोठे चालत नाही. तरीही हौदा सहा फुटांवर असतो. मात्र ओझे ३५० किलोच. जड यंत्र किंवा नाव ओढून न्यायची, तर भाच्याचाच ट्रक हवा, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

विजेच्या गाडीचेही तेच. विलायतेत विसाव्या शतकाच्या मध्याला हजारो विजेच्या गाड्या पहाटे घरोघर दूध घालीत. फेरी आखूड, थांबे फार, आवाज नाही आणि रात्रभर बॅटरी भरायला मोकळीक. काम गाडीला शोभणारे होते. उलट २०२२ साली विजेवरचा मोठा फोर्ड पिकअप आला. त्याला जड ट्रेलर जोडला की एका भरणीतले अंतर जवळजवळ निम्म्यावर येई. वीज वाईट नव्हे. कोणते काम तिच्या गळ्यात बांधायचे, हा प्रश्न.

आपल्याकडे १९५८ साली स्थापन झालेल्या बजाज टेम्पो कंपनीने हॅम्बर्गच्या ‘टेम्पो’ कारखान्याशी करार करून तीनचाकी मालगाडी आणली. ती अरुंद बोळांत शिरे, भाजीवाल्याला परवडे. म्हणून कारखान्याचे नाव मराठीत सामान्यनाम होऊन बसले. २००५ साली टाटांची चारचाकी ‘एस’ आली, तिला लोकांनी ‘छोटा हत्ती’ म्हटले. २०२२ पासून तिचा विजेवर चालणारा भाऊही आला आहे.

कपाट टेम्पोत आडवे निजले, वर फराळाचे दोन डबेही मावले. बहिणीच्या बोळात टेम्पो अल्लद वळला, तेव्हा हौद्यात कपाट धरून बसलेला भाचा ओरडला, “मामा, माझा ट्रक इथे शिरलाच नसता!”

म्हटले, “हेच आधी मोजायचे असते, बाबा. आता उतर, आणि खालून हात लाव.”