अन्योन्य शुश्रूषा

‘शुश्रूषा’ हा शब्द मराठीत आज रुग्णाच्या खाटेपाशी येऊन थांबला आहे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने तो ‘श्रु’ या धातूचे इच्छार्थक रूप आहे. ऐकण्याची इच्छा, हा त्याचा मूळ अर्थ. विद्याग्रहणास योग्य अशा बुद्धीचे गुण सांगताना कौटिल्याने शुश्रूषेला पहिले स्थान दिले आणि प्रत्यक्ष श्रवणाला दुसरे. ऐकण्याची इच्छा धरणारा शिष्य गुरूपाशी राहतो आणि राहतो म्हणून सेवा करतो. या क्रमाने शब्दाचा अर्थ इच्छेकडून सेवेकडे सरकला. इंग्रजीतील ‘डोसिलिटी’ या शब्दाचीही गत अशीच झाली. शिकविणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून तो आला. आरंभी त्याचा अर्थ शिकण्याची पात्रता असा होता. पुढे निमूटपणे वाकण्याची वृत्ती एवढाच उरला. दोन्ही भाषांत शिकण्याची तयारी हा धाकट्याने थोरासमोर बाळगावयाचा गुण ठरला. ती तयारी परस्परांची असू शकते, हा विचार शब्दांत धरून ठेवणे कठीणच.

असा एक प्रयत्न मात्र इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात दगडावर कोरला गेला. अशोकाच्या बाराव्या शिलालेखाचा विषय निरनिराळ्या पंथांचे परस्परसंबंध हा आहे. दान आणि पूजा यांपेक्षा सर्व पंथांच्या साराची वाढ राजाला महत्त्वाची वाटते, आणि त्या वाढीचे मूळ तो वाणीच्या संयमात पाहतो. अप्रस्तुत प्रसंगी स्वपंथाची स्तुती व परपंथाची निंदा करू नये. भक्तीपोटी असे करणारा आपल्याच पंथाला अधिक इजा करतो, असे त्याचे म्हणणे आहे. त्यानंतर येतो तो समवायाचा, म्हणजे एकत्र येण्याचा पुरस्कार. लोकांनी एकमेकांचा धर्म ऐकावा आणि ऐकण्याची इच्छा धरावी, असा त्याचा आशय आहे. गिरनारच्या पाठात येथे ‘अञमंञस’ हे पद आणि त्यापुढे श्रवण व शुश्रूषा यांची क्रियापदे एकामागून एक येतात. नुसते ऐकणे पुरेसे नाही, हे त्या दुसऱ्या क्रियापदाने सांगितले आहे.

या शब्दयोजनेचे वेगळेपण अशोकाच्याच इतर लेखांशी ताडून पाहिले म्हणजे ध्यानात येते. तिसऱ्या शिलालेखात शुश्रूषा आहे ती मातापित्यांविषयी. दहाव्यात प्रजेने धर्माची शुश्रूषा करावी अशी इच्छा आहे. तेथे दिशा एकच आहे, खालून वर जाणारी. बाराव्या लेखात तोच धातू ‘अन्योन्य’ या अर्थाच्या पदाला जोडला गेला आणि आज्ञाधारकपणाचा शब्द बरोबरीच्या नात्याचा झाला.

कंदाहार येथे १९६३ मध्ये सापडलेल्या ग्रीक लेखात या बाराव्या लेखाचा शेवट व तेराव्याचा आरंभ आहे. त्या भाषांतरकाराने ‘पाषंड’ या शब्दासाठी तत्त्वज्ञांच्या संप्रदायाला लावला जाणारा ग्रीक शब्द योजला आणि परस्परांची शिकवण स्वीकारावी असा अर्थ दिला. ज्या लेखाने दुसऱ्याचे ऐकावयास सांगितले, त्याला स्वतःलाही दुसऱ्याच्या भाषेत जाऊन तिचे शब्द शिकावे लागले.

तरीही हा लेख राजाचा आहे, हे विसरता येत नाही. या कामासाठी धर्ममहामात्र व इतर अधिकारी नेमले असल्याचे त्यातच नमूद आहे. आणि ऐकण्याची इच्छा अधिकाऱ्यांकरवी निर्माण करता येते काय, हा प्रश्न लेखाच्या आतच उभा राहतो. सारनाथ, सांची व कौशांबी येथील लेखांत संघात फूट पाडणाऱ्या भिक्षू-भिक्षुणींना श्वेत वस्त्रे देऊन बाहेर काढण्याची आज्ञा आहे. पंथापंथांमध्ये जी मोकळीक राजाला हवी होती, ती एका पंथाच्या आतील मतभेदाला त्याने दिली नाही.

कलिंगाचे उदाहरण याहून बोलके आहे. ओडिशातील धौली व जौगड येथे अकरा ते तेरा हे लेख वगळले आहेत. त्यांऐवजी दोन स्वतंत्र लेख येतात आणि त्यांत राजा प्रजेला आपली अपत्ये म्हणतो. युद्धाचे वर्णन करणारा तेरावा लेख जिंकलेल्या भूमीत का कोरला नसावा, याचा तर्क करता येतो. बारावा का नाही, याचे उत्तर तितके सोपे नाही. एवढे खरे की कलिंगाच्या खडकांवर पित्याचा आवाज उरला आणि परस्परांच्या ऐकण्याचा उपदेश नाही.

मात्र भीमेच्या काठी, कर्नाटकातील सन्नती येथे १९८९ च्या सुमारास उजेडात आलेल्या शिळेवर बाराव्या व चौदाव्या लेखांचे भाग आणि ते दोन स्वतंत्र लेख एकत्र आढळले. पितृत्वाची भाषा आणि अन्योन्यतेची भाषा एकाच दगडावर नांदली. ती शिळा पुढे मंदिरात देवीच्या मूर्तीची बैठक झाली होती आणि मूर्ती बसविण्यासाठी तिच्या मध्यभागी भोक पाडले होते. ते पाडणाऱ्यांना ही लिपी वाचता येत नव्हती. जेम्स प्रिन्सेपने ती उलगडली ती १८३७ मध्ये.

महाराष्ट्रात सोपारा येथे आठव्या व नवव्या लेखांचे तुकडे मिळाले, बाराव्याचा मिळाला नाही. पण त्या लेखातील दोन शब्द मराठीत शिल्लक आहेत. कोणत्याही पंथाला निःपक्षपणे लावलेला ‘पाषंड’ मराठीत ‘पाखंड’ झाला आणि दुसऱ्याच्या मताला द्यावयाची शिवी बनला. ‘शुश्रूषा’ सेवेत विरली. एका शब्दाने दुसऱ्याचा मान गमावला, दुसऱ्याने त्याचे ऐकण्याची इच्छा. त्या लेखाचा मुख्य आग्रह या दोन शब्दांवरच उभा होता.