झाशीचे सहरिया : गणना आणि न्याय

१९७४ साली झाशीपासून ललितपूर जिल्हा वेगळा झाला. प्रशासकीय सोयीची ही रेषा पुढे सहरिया समाजाची ओळख विभागणारी ठरली. २००२ च्या दुरुस्ती अधिनियमाने उत्तर प्रदेशात केवळ ललितपूरमधील सहरियांना अनुसूचित जमातीचा दर्जा दिला. झाशीतील सहरिया त्याबाहेर राहिले. शेजारच्या मध्य प्रदेशात हाच समाज विशेष दुर्बल आदिवासी गटांत मोडतो, आणि तेथील पाहण्यांत त्याच्यातील क्षयरोगाचे प्रमाण राष्ट्रीय प्रमाणाच्या कित्येक पट आढळले आहे. जमातवार मूल्यमापनात झाशीच्या सहरिया रुग्णाची नोंद मात्र आदिवासी म्हणून होत नाही. म्हणून आरोग्य कार्यक्रमाची फलश्रुती तपासताना लाभार्थी किती, या प्रश्नाआधी गणनेत कोण आले आणि कोण सुटले, हे पाहणे सामाजिक न्यायाच्या दृष्टीने अगत्याचे ठरते.